आधी वासराचं, मग आपलं
आदिवासी भागातल्या दुभत्याच्या जुन्या समजुती आणि त्यातून घ्यायचा बोध



दुभत्या जनावरांविषयी आपल्या कार्यक्रमात नेहमी बोलणं होतं. वैरण कोणती घालावी, लस कधी टोचावी, गाय फळवावी कधी, हे सगळं आपण ऐकता. या पत्रिकेत मात्र जरा मागे वळून बघू या. आपल्याच देशात अशा कितीतरी जमाती आहेत, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गुरं पाळली, पण गाईची धार काढली नाही. दुसरीकडे अशीही एक जमात आहे, जिनं दुधाच्या खोपटालाच देऊळ मानलं. दोन्हींच्या मागे काही समजुती होत्या. त्या समजून न घेता दुधाच्या योजना नेल्या, तेव्हा काय झालं, हेही बघायचं आहे. कारण यात वासराचा जीव आहे, घरच्या लेकरांचं पोषण आहे आणि गरीब कुटुंबाच्या डोक्यावरचं कर्जसुद्धा आहे.

गाय आहे, पण धार नाही

गडचिरोली जिल्ह्याचा भामरागड-एटापल्लीकडचा मुलूख आणि त्याला लागून पलीकडे बस्तर. इथं माडिया गोंडांची वस्ती आहे. बस्तर संस्थानात प्रशासक म्हणून काम केलेले ग्रिगसन यांचा माडिया गोंडांवरचा ग्रंथ १९३८ साली निघाला. त्यात आणि त्या काळच्या इतर लिखाणात एक गोष्ट ठळकपणे येते. माडिया लोक गुरं पाळतात, पण गाई दोहत नाहीत. कारण विचारलं तर उत्तर सरळ असे: दूध वासराचं आहे. आईचं दूध तिच्या लेकरानं प्यावं. माणसानं त्यात हात घालू नये.

ही समजूत एकट्या माडियांची नव्हती. मध्य आणि पूर्व भारतातल्या अनेक आदिवासी जमातींत ती कमी-अधिक प्रमाणात होती. ईशान्येकडे गारो, खासी आणि नागा लोकांतही दूध काढण्याची चाल नव्हती. तिकडच्या डोंगरात मिथुन नावाचं मोठं जनावर पाळतात. ते रानात मोकळं चरतं, मालक मीठ दाखवून त्याला जवळ बोलावतो. लग्नाच्या देण्याघेण्यात आणि देवकार्यात त्याला मोठा मान, पण त्याचं दूध काढायची रीत नाही. फ्रेडरिक सिमून्स नावाच्या अमेरिकन भूगोल-अभ्यासकानं १९७० साली दक्षिण आशियात दूध काढणारे मुलूख कुठवर आणि न काढणारे कुठून सुरू होतात, याची हद्दच आखून दाखवली होती.

आता आपण म्हणाल, घरी गाय असून दूध काढायचं नाही, हा अडाणीपणाच की! पूर्वीच्या साहेबलोकांनी आणि आपल्याही शिकलेल्या मंडळींनी असंच म्हटलं. पण जरा हिशेब करून बघा.

समजुतीमागचा हिशेब

त्या मुलखात गाय पाळायची ती कशासाठी? बैलासाठी. भाताच्या बांधीत चिखलणी करायला, मळणी करायला आणि शेणखतासाठी. लग्नात, देवाच्या कामात आणि अडीअडचणीला गुरं हीच पुंजी. रानात चरून येणारी लहान चणीची गाय. उन्हाळ्यात गवत वाळून जातं, पेंढ्याशिवाय दावणीला काही नाही. अशी गाय दिवसाला दूध देऊन देऊन देणार किती? तेवढंही काढून घेतलं तर वासरू खंगणार. वासरू खंगलं की पुढे बैल हलका निघणार आणि बैल हलका निघाला की बांधी पडीक राहणार. म्हणजे शेरभर दुधासाठी वर्षाचं भात घालवायचं. ‘दूध वासराचं’ या दोन शब्दांत हा सगळा हिशेब बसला होता.

दुसरी गोष्ट आपल्या सर्वांच्या अनुभवातली आहे. देशी गाय वासरू जवळ असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. वासरू दगावलं तर गाय आटते, हे कुणालाही सांगायला नको. मैदानी भागात मेलेल्या वासराच्या कातड्यात गवत भरून गाईपुढे धरायची युक्ती याच अडचणीतून निघाली. दुधाचा मालक वासरू आहे, हे गाय स्वतःच सांगते. आदिवासी माणसानं ते ऐकलं, एवढंच.

तिसरी गोष्ट पोटाची. दुधात एक प्रकारची साखर असते. ती पचवायला लागणारा पाचक रस तान्ह्या बाळाच्या पोटात भरपूर असतो. मूल मोठं झालं की पुष्कळ लोकांत तो कमी होतो. मग कच्चं दूध पोटभर प्यालं तर पोट फुगतं, गुरगुरतं, जुलाब होतात. या शतकात झालेल्या जनुकांच्या अभ्यासात असं दिसलं की मोठेपणीही दूध सहज पचवण्याचा गुण भारताच्या वायव्य भागात आणि गुरांच्या दुधावर जगणाऱ्या जमातींत जास्त आढळतो, पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे कमी होत जातो. तेव्हा एखादा आजोबा ‘दूध आम्हाला मानवत नाही’ म्हणाला, तर तो सबब सांगतोय असं समजू नका. खरंच मानवत नसेल.

मग ही माणसं दुधावाचून राहिली कशी? नाचणीवर, रानभाज्यांवर, खेकडे-मासळीवर आणि कडधान्यांवर. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असतं. हाडांना लागणारा चुना ताटात होता, फक्त तो गोठ्यातून न येता शेतातून आणि ओढ्यातून येत होता. आज अडचण अशी झाली आहे की नाचणी मागे पडली, ओढ्यातली मासळी घटली आणि त्यांच्या जागी काही आलं नाही. लेकरांचं नुकसान होतंय ते इथं.

निलगिरीचे तोडा: दुधाचं देऊळ

आता अगदी उलट टोक बघू. तामिळनाडूत निलगिरी डोंगरावर, उटीच्या आसपास तोडा नावाची लहानशी जमात राहते. लोकसंख्या दोन हजारांच्या घरात. यांचं सगळं जिणं म्हशीभोवती. रिव्हर्स नावाचे इंग्रज अभ्यासक १९०१-०२ साली त्यांच्यात राहिले आणि १९०६ साली त्यांनी ‘द तोडाज’ हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यामुळे तोडांच्या समजुती आपल्याला बारकाव्यानं ठाऊक आहेत.

तोडांची कथा अशी. ओन नावाच्या देवानं जमिनीतून सोळाशे म्हशी वर काढल्या. त्याच्या बायकोनं अठराशे काढल्या. ओनच्या शेवटच्या म्हशीची शेपटी धरून एक माणूस वर आला, तोच पहिला तोडा. म्हणजे बघा, आधी म्हैस आणि मागून माणूस. माणसानं म्हैस पाळली असं नाही, तर म्हशीनं माणसाला जगात आणलं, असा त्यांचा भाव.

त्यामुळे दूध काढणं हे देवाचं काम झालं. म्हशींचे कळप मानाप्रमाणे वेगवेगळे आणि प्रत्येक मानाच्या कळपाचं दूध ठेवायला वेगळं दुधघर. हे दुधघर म्हणजेच देऊळ. त्याचा गवळी हाच पुजारी. सर्वांत मानाच्या कळपाच्या गवळ्याला ‘पालोल’ म्हणत. त्याला ब्रह्मचर्य पाळावं लागे, घरापासून लांब राहावं लागे. धारा काढणं आणि घुसळणं ही कामं पुरुषांची. बायकांना दुधघरात जायची बंदी होती. आजच्या काळात ही बंदी कुणी योग्य म्हणणार नाही, आपणही म्हणत नाही. आपल्याकडे तर गोठ्यातलं निम्म्याहून जास्त काम बायाच करतात.

पण त्यांच्या नियमांतली एक गोष्ट मात्र ध्यानात धरण्यासारखी आहे. दुधघराला आत-बाहेर असे दोन भाग. धारेचं दूध ज्या भांड्यात येतं, ती भांडी आतल्या भागात. घरी न्यायचं ताक-लोणी ज्या भांड्यात घ्यायचं, ती बाहेर. आतल्या भांड्याला बाहेरचं भांडं लागता कामा नये. मधे तिसरंच एक भांडं ठेवायचं आणि त्यातून ओतून द्यायचं. विरजणालाही असाच मान होता. जुन्यातून नवं विरजण चालू ठेवायचं आणि काही कारणानं ते नव्यानं करायची वेळ आली तर त्याचा वेगळा विधी.

तोडांच्या लेखी हे सोवळं होतं. आज आपण याला स्वच्छ दूधउत्पादन म्हणतो. धारेचं भांडं वेगळं ठेवा, त्याला बाहेरचा हात लागू देऊ नका, विरजण जपा, हेच दूध संघाचा पर्यवेक्षक आपल्याला सांगतो. नाव बदललं, काम तेच. पुढे निलगिरीवरच्या गवताळ कुरणांत चहाचे मळे आले, निलगिरी आणि बाभळीच्या जातीची झाडं लावली गेली. कुरणं आक्रसली तशा म्हशीही घटल्या. कुरणच राहिलं नाही तर सोवळं पाळून तरी काय होणार?

सह्याद्री: वाघोबाची राखण आणि डांगी गाय

आता आपल्या घरी या. अकोले, इगतपुरी, जव्हार, मोखाडा, डहाणू या पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, वारली मंडळी राहतात. गुरं रानात चारायची आणि रानात वाघ-बिबट्या. तेव्हा गुरांची राखण वाघोबाकडेच सोपवलेली. दगडावर किंवा लाकडी फळीवर वाघ आणि सोबत चंद्र-सूर्य कोरून रानाच्या वाटेवर वाघोबा बसवतात. वारली लोकांच्या वाघोबाचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशी सुमारे दीडशे ठाणी नोंदली आहेत.

आश्विन वद्य द्वादशीला मैदानातली माणसं वसुबारस करतात. त्याच दिवशी डोंगरात वाघबारस असते. गुराखी एकत्र जमतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात, काही गावांत दुधाची खीर शिजते. वर्षभर गुरं सांभाळ, असं मागणं घालतात. आणि वसुबारस आठवा. त्या दिवशी पुष्कळ घरांत बाया दूध-तूप खात नाहीत, गाय-वासराची पूजा करतात. म्हणजे दूध वासराचं आहे, ही गोष्ट वर्षातून एक दिवस आपल्यालाही आठवतेच. फरक इतकाच, की आदिवासी माणूस ती वर्षभर पाळत आला.

याच पट्ट्यातली डांगी गाय सगळ्यांना ठाऊक आहे. धो धो पावसात ती उघड्यावर चरते. तिच्या कातडीतून तेलकट द्रव सुटतो, म्हणून पाण्याची बाधा कमी होते. खूर काळे आणि कठीण. भाताच्या चिखलात तिच्या बैलासारखा बैल नाही. घोटीचा बाजार आणि राजूरचं डांगी जनावरांचं प्रदर्शन त्यासाठीच नावाजलेलं. एका वेताला दूध साधारण पाचशे लिटरच्या आसपास, कुठे कमी, कुठे जास्त. ही जात टिकली ती महादेव कोळी, ठाकर, कानडी अशा पाळणाऱ्या लोकांमुळे. तसंच विदर्भात गडचिरोली-चंद्रपूरकडची कठाणी गाय. भाताच्या चिखलात राबणारा तिचा बैल, पण तिला कागदोपत्री स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळायला २०२० नंतरचं दशक उजाडावं लागलं. तोवर सरकारी दप्तरात ती ‘गावठी’च होती.

योजना आली, समजूत कुणी विचारली नाही

१९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली. तिनं देशाचं दूध वाढवलं, यात शंका नाही. पण आणंदच्या शेतकऱ्याला जे मानवलं, ते जंगलातल्या पाड्याला जसंच्या तसं मानवेल, असं पुष्कळांनी धरलं. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात गरीब कुटुंबांना कर्ज आणि अनुदान देऊन दुभती जनावरं दिली गेली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले नीलकंठ रथ यांनी १९८५ साली या कार्यक्रमाची कडक चिकित्सा केली. जनावर दिलं, पण वैरण कुठून येणार, दूध जाणार कुठे, दवाखाना किती लांब, हे न पाहता नुसतं जनावर वाटून गरिबी जात नाही, हा त्यातला धडा आजही खरा आहे.

सर्वांत बोलकी हकिकत ओडिशातली आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती १९९६ साली आलेल्या आपल्या पुस्तकात लिहिली आहे. नुआपाडा भागातल्या कोमना इथं १९७८ च्या सुमारास एक दुग्धविकास योजना आली. लोकांच्या जमिनीत चाऱ्यासाठी सुबाभूळ लावायची, गावच्या गाईंना जर्सीचं रेतन करायचं. गावच्या वळूंनी मधे घोळ घालू नये म्हणून त्या भागातल्या वळूंचं खच्चीकरण केलं. खर्च कोट्यवधींचा. हाती आलं काय? मोजून आठ संकरित वासरं. दूध वाढलं नाहीच, वर त्या भागातली खरियार जातीची गुरंच जवळपास संपली. इतर भागांत ती जात होती म्हणून वाचली आणि पुढे तिची नोंदही झाली. पण कोमनाच्या शेतकऱ्याचा बैल गेला तो गेलाच.

बंधू-भगिनींनो, तिथं कुणी एखाद्या म्हाताऱ्याला आधी विचारलं असतं, की बाबा, तुम्ही गाय कशासाठी पाळता, तर त्यानं सांगितलं असतं, बैलासाठी. एवढ्या एका प्रश्नानं पुष्कळ वाचलं असतं.

सगळंच जुनं सोनं नव्हे

याचा अर्थ जुनी प्रत्येक समजूत बरोबर, असा करून घेऊ नका. काही समजुती वासराच्या आणि गाईच्या जिवावर उठतात आणि त्या आदिवासी पाड्यांवर आहेत तशा आपल्या शिकल्या-सवरल्या गावांतही आहेत.

वार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही, ही त्यातली सर्वांत वाईट. वासरू आईच्या पोटातून येतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी झुंजायची ताकद जवळजवळ नसते. ती चिकातून मिळते. पहिल्या काही तासांत वासराचं आतडं ती चांगली शोषून घेतं. जसा वेळ जातो तशी ही शोषण्याची शक्ती कमी होते आणि दिवसभरात संपते. वार पडायची वाट बघत सात-आठ तास वासरू उपाशी ठेवलं, तर आपणच त्याला आजाराच्या हवाली केलं. उलट वासरू चोखू लागलं की वार सुटायला मदतच होते.

लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा पायताण बांधणं, ती ओढून काढणं, आजारी जनावराला डागणं, नजर लागली म्हणून दवाखाना टाळणं, या रीतीही सोडल्या पाहिजेत. आणि चिकाचा खरवस! तो कुणाला आवडत नाही? पण वासराचं पोट भरल्यावर जो चीक उरेल, त्याचाच खरवस. इथं ‘दूध वासराचं’ म्हणणारा माडिया म्हातारा आपल्यापेक्षा शहाणा ठरतो.

मग करायचं काय?

१) वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांच्या आत चीक पाजा. वार पडण्यासाठी थांबू नका. दिवसाला वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक दोन-तीन वेळा विभागून द्या. वीस किलोचं वासरू असेल तर दोन लिटर.

२) वार बारा तासांत पडली नाही तर पशुवैद्यकाला बोलवा. हात घालू नका, वजन बांधू नका.

३) धार काढायची घरात रीत नसेल आणि आता काढावीशी वाटत असेल, तर चार सडांपैकी दोन सड वासराला ठेवा. वासरू चांगलं धरलं, त्याची कातडी तुकतुकीत दिसू लागली, म्हणजे बेत बरोबर. बरगड्या दिसू लागल्या की हात आखडा. ‘आधी वासराचं’ हा जुना शब्दही मोडत नाही आणि घरच्या लेकरांना वाटीभर मिळतं.

४) ज्यांना दुधाची सवय नाही त्यांनी एकदम पेलाभर दूध पिऊ नये. दही-ताकापासून सुरुवात करावी. विरजणात ती दुधातली साखर बरीच कमी होते, त्यामुळे पोटाला सोसतं. दूध नेहमी उकळून घ्या. आणि दूध आलं म्हणून नाचणी, डाळ, अंडी, रानभाज्या ताटातून काढू नका.

५) धारेचं भांडं वेगळं ठेवा. कास आणि हात धुऊनच बसा. तोडांचं दुधघर आठवा.

६) संकरित गाय घेण्याआधी उन्हाळ्यातल्या वैरणीचा, पाण्याचा आणि दवाखान्याच्या अंतराचा हिशेब करा. डोंगरात डांगी आणि भातपट्ट्यात कठाणी हीच आपली जात समजा. चांगल्या वळूपासून तीच सुधारा. गावचा निवडक वळू जपा, सरसकट खच्चीकरण करू देऊ नका.

७) ग्रामसेवक, पशुधन पर्यवेक्षक आणि बचत गटाच्या ताईंना एक विनंती. पाड्यावर योजना नेताना आधी गायत्याला, गावच्या जाणत्यांना आणि घरातल्या आजीला विचारा: तुम्ही गाय कशासाठी पाळता? तुमच्यात दुधाची रीत काय? उत्तर ऐकून घ्या आणि मग फॉर्म भरा.

बंधू-भगिनींनो, समजूत म्हणजे पूर्वजांनी अनुभवातून बांधलेली गाठ असते. काही गाठी घट्टच ठेवाव्यात, काही सोडाव्यात. पण कोणती गाठ कशाला बांधली होती, हे बघितल्याशिवाय कात्री लावू नये. उद्या सकाळी धारेला बसाल तेव्हा आधी वासराला सोडा, त्याला पोटभर पिऊ द्या. त्यानंतर चरवी लावा.

आपल्या गावात, पाड्यात दुभत्याच्या अशा काही रीती असतील तर आम्हाला पत्रानं जरूर कळवा. त्यातल्या कामाच्या गोष्टी आपण कार्यक्रमात सर्वांना ऐकवू.